अपस्मार : रोग मेंदूचा, कलंक मनाचा

१९९९ च्या अखेरीस हिंदू विवाह कायद्यातून आणि विशेष विवाह कायद्यातून एक शब्द वगळण्यात आला. तो शब्द होता 'अपस्मार'. १९७६ साली झालेल्या दुरुस्तीने वेडाचे किंवा अपस्माराचे वारंवार झटके येणारी व्यक्ती विवाहास अपात्र ठरवली होती आणि अशा व्यक्तीशी झालेला विवाह न्यायालयातून रद्द करून घेण्याची मुभा दिली होती. वेड आणि अपस्मार यांना एकाच ओळीत बसवणाऱ्या या तरतुदीविरुद्ध मेंदूविकारतज्ज्ञांनी, तसेच १९७० साली स्थापन झालेल्या इंडियन एपिलेप्सी असोसिएशनने दीर्घकाळ पाठपुरावा केला. अखेर संसदेने ती चूक सुधारली. या घटनेला आता पाव शतक उलटून गेले आहे. कायद्याच्या पुस्तकातून शब्द पुसण्यास एक दुरुस्ती पुरेशी ठरली. समाजाच्या मनातून तो पुसला जाण्यास मात्र पंचवीस वर्षेही अपुरी पडावीत, ही गोष्ट प्रत्येक विचारी कुटुंबाला अंतर्मुख करणारी आहे.

मधुमेह किंवा रक्तदाब याविषयी आज घरोघरी मोकळेपणाने बोलले जाते. कोणती गोळी चालू आहे, साखर किती आली, याची चौकशी लग्नाच्या पंगतीतही होते. परंतु फेफरे, फिट, मिरगी, आकडी हे शब्द मात्र आजही दाराआड, खालच्या आवाजात उच्चारले जातात. मुलाला झटका आला तर 'चक्कर आली' असे सांगण्याची रीत आहे. मुलीला आला तर शेजाऱ्यांनाच काय, सख्ख्या काका-मामालाही कळू दिले जात नाही. गोळ्यांच्या पाकिटावरची नावे खरवडून टाकणारी कुटुंबे आहेत. ही लपवाछपवी रुग्णाला दुहेरी शिक्षा देते. आजार तर तो भोगतोच. शिवाय आपल्यात काही तरी लाजिरवाणे आहे ही भावना त्याला आयुष्यभर सोबत करते.

हा आजार विरळा असता तर ही उपेक्षा एक वेळ समजण्याजोगी होती. वस्तुस्थिती उलट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे पाच कोटी लोकांना अपस्मार आहे आणि त्यांपैकी जवळजवळ ८० टक्के लोक अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. एकट्या भारतात ही संख्या एक कोटीहून अधिक असल्याचे मानले जाते. म्हणजे प्रत्येक गावात, प्रत्येक गृहनिर्माण सोसायटीत आणि प्रत्येक मोठ्या शाळेत या आजाराचा कोणी ना कोणी रुग्ण असणारच. आणि योग्य निदान व नियमित उपचार मिळाले तर यांपैकी सुमारे ७० टक्के रुग्ण झटक्यांपासून पूर्णपणे मुक्त राहू शकतात, असे हीच संघटना सांगते. त्यासाठी लागणारे सर्वांत स्वस्त औषध वर्षाला पाच डॉलर इतक्या अल्प खर्चात मिळू शकते. तरीही गरीब देशांतील बहुसंख्य रुग्णांपर्यंत ते पोहोचत नाही. औषध आहे, ते परवडण्याजोगे आहे आणि रुग्णही समोर आहे. या दोहोंच्या मध्ये अज्ञानाची आणि भीतीची भिंत उभी आहे.

अपस्मार म्हणजे नेमके काय, हे समजून घेतले तर ही भिंत निम्मी कोसळेल. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी असतात आणि त्या अतिसूक्ष्म विद्युत्-संदेशांद्वारे परस्परांशी बोलत असतात. विचार, स्मरण, हालचाल, वाणी हे सारे या शिस्तबद्ध संवादातून घडते. काही कारणाने मेंदूच्या एखाद्या भागातील असंख्य पेशी एकाच वेळी, अनावरपणे विद्युत्-स्राव करू लागल्या की झटका येतो. तो बहुधा एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतो. जर्मन वैद्य हान्स बर्गर यांनी १९२४ साली प्रथमच मानवी मेंदूतील विद्युत्-लहरींचा आलेख नोंदवला आणि शतकानुशतके भुताखेतांच्या खात्यावर जमा असलेल्या या व्याधीचे स्वरूप कागदावर उमटू लागले. अशा आलेखालाच आज 'ईईजी' म्हणतात. अपस्मार हा वेडाचा प्रकार नाही, तो संसर्गजन्य नाही आणि बहुसंख्य रुग्णांमध्ये तो आनुवंशिकही नसतो. रुग्णाला स्पर्श केल्याने, त्याचे उष्टे खाल्ल्याने किंवा त्याच्या तोंडच्या फेसाने तो कोणालाही होत नाही.

या संदर्भात स्वतःच्या परंपरेचे स्मरण करणे उद्बोधक ठरेल. 'अपस्मार' हा शब्दच मुळी 'स्मृतीचा लोप' असा अर्थ सांगतो. चरकसंहितेने निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात या व्याधीला स्वतंत्र अध्याय दिले, वात, पित्त, कफ आणि सन्निपात असे तिचे चार प्रकार मानले आणि तिची गणना चिकित्सेस योग्य अशा रोगांत केली. एवढेच नव्हे, तर अपस्माराच्या रुग्णाला पाणी, अग्नी, वृक्ष आणि डोंगर यांपासून जपावे, कारण ही ठिकाणे त्याचे तत्काळ प्राण घेऊ शकतात, अशी सूचनाही तेथे आढळते. आजचा मेंदूविकारतज्ज्ञ रुग्णाला नेमके हेच सांगतो : विहिरीवर, नदीवर एकट्याने जाऊ नका, चुलीजवळ सावध राहा, उंचावर चढू नका. ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ग्रंथांतही या रोगाला 'पवित्र' म्हणवणाऱ्या मांत्रिकांचा समाचार घेतलेला आहे. दोन सहस्र वर्षांपूर्वीच्या वैद्यांनी जो आजार आजार म्हणून ओळखला, त्यावर एकविसाव्या शतकात उतारा, अंगारा आणि गंडेदोरे शोधणे ही परंपरानिष्ठा नव्हे. परंपरेतील विवेक टाकून तिच्यावर साचलेले शेवाळ तेवढे जपण्याचा हा प्रकार आहे.

भुताची बाधा समजून रुग्णाला साखळदंडाने बांधणे, चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे असे अघोरी प्रकार अजूनही अधूनमधून उजेडात येतात. महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या कायद्याने असे प्रकार दंडनीय अपराध ठरवले आहेत. परंतु कायदा मारहाण थांबवू शकतो. गमावलेली वर्षे परत देऊ शकत नाही. भगताच्या फेऱ्यांत गेलेला प्रत्येक महिना म्हणजे उपचाराविना आलेले आणखी काही झटके आणि त्यांतून उद्भवणाऱ्या भाजण्याच्या, बुडण्याच्या, डोक्याला मार लागण्याच्या आणखी काही शक्यता. अपस्माराच्या रुग्णांमध्ये अकाली मृत्यूचा धोका इतरांच्या तुलनेत तिपटीपर्यंत अधिक असतो, हे लक्षात घेतले म्हणजे दिरंगाईची किंमत कळते.

हा आजार ओळखण्यातही मोठी चूक होते. अपस्मार म्हणजे जमिनीवर कोसळणे, दातखीळ बसणे, हातपाय झाडणे आणि तोंडातून फेस येणे, एवढेच चित्र जनमानसात आहे. तो त्याचा सर्वांत नजरेत भरणारा प्रकार आहे, एकमेव नव्हे. वर्गात बसलेले मूल दहा-पंधरा सेकंद शून्यात पाहते, हाक मारली तरी ओ देत नाही आणि मग काहीच घडले नसावे तसे पुढे लिहू लागते. दिवसातून अनेक वेळा असे होते. शिक्षक 'लक्ष नाही' म्हणून त्याला रागावतात, घरी प्रगतिपुस्तक पाहून आई-वडील बोलतात. पण तो बालवयातील अपस्माराचा एक प्रकार असू शकतो, हे कोणाच्या ध्यानीमनी नसते. एखादा प्रौढ माणूस बोलता बोलता थांबतो, ओठ चाटू लागतो, शर्टाची गुंडी चाचपत राहतो आणि दोन मिनिटांनी भानावर आल्यावर त्याला त्यातले काहीच आठवत नाही. दहावी-बारावीतील मुलाच्या हातातून सकाळी उठल्या उठल्या चहाचा कप किंवा दात घासण्याचा ब्रश अचानक उडून पडतो. त्याला वेंधळा ठरवले जाते. अभ्यासासाठी जागरण केलेल्या रात्रीनंतरच्या सकाळी हे झटके अधिक येतात. पहिला मोठा झटका येईपर्यंत त्या छोट्या झटक्यांचा अर्थ कोणी लावलेला नसतो.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत तर विशेष दक्षता हवी. साधारण तीन ते बारा महिन्यांचे बाळ झोपेतून उठताना एकापाठोपाठ एक असे वाकल्यासारखे करते, हात पुढे फेकते, मान खाली घालते. घरातील वडीलधाऱ्या 'बाळ दचकते' किंवा 'पोटात दुखत असेल' असे म्हणून बाळगुटी देतात. १८४१ साली डॉ. वेस्ट या इंग्रज वैद्याने स्वतःच्याच मुलाच्या बाबतीत प्रथम वर्णन केलेला हा अपस्माराचा गंभीर प्रकार असू शकतो आणि त्यात उपचाराला झालेला विलंब बाळाच्या बौद्धिक वाढीवर कायमचा परिणाम करू शकतो. याउलट सहा महिने ते पाच वर्षे या वयात ताप चढताना येणारी आकडी बहुतांश मुलांमध्ये निरुपद्रवी असते आणि वयाबरोबर थांबते. तिला अपस्मार म्हणत नाहीत. तरी पहिल्या वेळी डॉक्टरांना दाखवणे आवश्यकच, कारण तापाबरोबर येणाऱ्या झटक्याच्या मागे मेंदूज्वरही असू शकतो. कोणती गोष्ट घाबरण्याची आणि कोणती धीर धरण्याची, हे ठरवण्याचे काम शेजारणीचे नाही, वैद्याचे आहे.

निदानाचा मुख्य आधार आजही यंत्र नसून प्रत्यक्षदर्शीने दिलेली माहिती हाच आहे. झटका आला तेव्हा डोळे कोणत्या बाजूला वळले, सुरुवात एका हातापासून झाली की एकदम सर्वांगात, किती वेळ चालला, नंतर रुग्ण किती वेळ गोंधळलेला होता, हे नीट सांगता आले तर डॉक्टरांचे निम्मे काम होते. आज प्रत्येक हातात भ्रमणध्वनी आहे. रुग्णाला सुरक्षित केल्यावर घरातील एकाने झटक्याचे अर्ध्या मिनिटाचे चित्रण केले, तर ते अनेक तपासण्यांहून मोलाचे ठरते. ईईजी निर्दोष आला म्हणजे अपस्मार नाही, असेही नसते. एमआरआय तपासणी मेंदूत गाठ, व्रण किंवा जंताची पुटी आहे का, हे दाखवते. एकच झटका म्हणजे अपस्मार, असेही नव्हे. सामान्यतः विशेष तात्कालिक कारण नसताना चोवीस तासांहून अधिक अंतराने दोन झटके आले, किंवा एका झटक्यानंतरच तो पुन्हा येण्याची शक्यता फार असली, तर हे निदान केले जाते.

झटका आलेल्या माणसाभोवती जमणारी गर्दी हा आणखी एक चिंतेचा विषय आहे. रेल्वे फलाटावर कोणी कोसळले की पाचपन्नास माणसे गोळा होतात. कोणी जोडा हुंगवतो, कोणी कांदा शोधतो, कोणी हातात किल्ल्यांचा जुडगा देतो, कोणी दातखीळ उघडण्यासाठी तोंडात चमचा घालतो. झटका एक-दोन मिनिटांत स्वतःहूनच थांबणार असतो. श्रेय मात्र जोड्याला मिळते आणि अंधश्रद्धा आणखी बळकट होते. चमच्याने दात तुटतात, पाणी पाजल्याने ते श्वासनलिकेत जाऊन जिवावर बेतू शकते आणि हातपाय बळाने दाबून धरल्याने खांदा निखळू शकतो. करावयाचे ते अगदी सोपे आहे. आसपासच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवावे, चष्मा काढावा, गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत आणि शक्य होताच रुग्णाला कुशीवर वळवावे, म्हणजे तोंडातील लाळ बाहेर वाहून जाईल. तोंडात काहीही घालू नये. घड्याळाकडे लक्ष ठेवावे. झटका पाच मिनिटांहून अधिक चालला, एका झटक्यातून शुद्धीवर येण्याआधीच दुसरा आला, रुग्ण गर्भवती असली किंवा मोठी इजा झाली, तर विनाविलंब रुग्णालय गाठावे. एरवी तो पूर्ण भानावर येईपर्यंत शेजारी बसून राहावे आणि गर्दी हटवावी. शुद्धीवर आलेल्या माणसाला पन्नास कुतूहली नजरांपेक्षा एका आश्वासक शब्दाची गरज असते.

उपचारांच्या बाबतीत विज्ञानाने मोठा पल्ला गाठला आहे. १९१२ पासून वापरात असलेले फिनोबार्बिटोन, १९३८ साली उपयोगात आलेले फेनिटॉइन, त्यानंतरची कार्बामाझेपिन आणि सोडियम व्हॅल्प्रोएट आणि अलीकडचे लेव्हेटिरासिटॅम ही औषधे भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय सूचीत समाविष्ट आहेत. परंतु एका प्रकारच्या अपस्मारात गुणकारी ठरणारे औषध दुसऱ्या प्रकारात झटके वाढवू शकते. म्हणून शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून औषध घेणे धोक्याचे आहे. दोन-तीन औषधांनीही झटके आटोक्यात न आलेल्या रुग्णांपैकी निवडक जणांना शस्त्रक्रियेने मोठा लाभ होतो. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९५ पासून असा शस्त्रक्रियेचा उपक्रम चालू आहे आणि बंगळूरची निम्हान्स, दिल्लीची एम्स या संस्थांतही ही सोय आहे. काही लहान मुलांना स्निग्ध पदार्थांचे प्रमाण फार अधिक असलेला, तज्ज्ञांच्या देखरेखीखालील विशेष आहारही उपयोगी पडतो.

तरीही उपचार फसतात, आणि बहुतेक वेळा ते औषधामुळे नव्हे, तर औषध थांबवल्यामुळे फसतात. सहा महिने झटका आला नाही की 'आता बरे झाले' असे समजून गोळ्या बंद केल्या जातात. वास्तविक साधारणतः दोन-तीन वर्षे झटकामुक्त गेल्यावरच डॉक्टर औषध कमी करण्याचा विचार करतात आणि तेही हळूहळू. एकाएकी औषध सोडल्यास न थांबणाऱ्या, प्राणघातक झटक्यांचा धोका असतो. एकादशीचा किंवा नवरात्राचा उपवास म्हणून गोळी न घेणे, गणेशोत्सवात रात्र रात्र जागणे, परीक्षेच्या आधी झोपेचे खोबरे करणे, मद्यपान करणे, या सर्व गोष्टी झटक्याला आमंत्रण देतात. औषध घेतल्याने व्रत मोडत नाही, हे घरातील ज्येष्ठांनीच अधिकारवाणीने सांगितले पाहिजे. त्यांच्या एका वाक्याचे वजन डॉक्टरांच्या दहा वाक्यांहून अधिक पडते. 'मुळापासून उपटून काढतो' अशी जाहिरात करून पुड्या विकणाऱ्यांपासूनही सावध राहिले पाहिजे. आयुर्वेदिक म्हणून विकल्या गेलेल्या अशा पुड्यांत फिनोबार्बिटोनसारखी औषधे गुपचूप मिसळलेली आढळल्याची प्रकरणे यापूर्वी उघडकीस आली आहेत. यात रुग्णाची फसवणूक आहेच, आयुर्वेदाची बदनामीही आहे. आयुर्वेदाविषयी ज्यांना खरा आदर आहे, त्यांनीच अशा बाजारू वृत्तीचा निषेध सर्वप्रथम केला पाहिजे.

अपस्माराची काही कारणे टाळता येण्यासारखी आहेत, हा मुद्दा फारसा चर्चिला जात नाही. डुकराच्या मांसातील चपट्या जंताची अंडी पोटात गेली, तर त्यांतून निघालेल्या अळ्या मेंदूपर्यंत पोहोचून पुटी तयार करतात आणि तेथून झटके सुरू होतात. हा जंत फोफावलेल्या भागांत अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांच्या आजाराचे मूळ त्यात असते. आयुष्यात मांसाला न शिवलेल्या शाकाहारी माणसालाही हा रोग होतो, कारण ही अंडी जंतबाधित माणसाच्या विष्ठेतून मातीत, तेथून भाजीपाल्यावर आणि न धुतलेल्या हातांवर येतात. कोबी, मुळा, कोथिंबीर वाहत्या पाण्याखाली स्वच्छ धुणे, शौचानंतर आणि जेवणाआधी साबणाने हात धुणे, गावात उघड्यावर शौच होऊ न देणे आणि डुकरे मोकाट सुटू न देणे, हे सारे मेंदूचेच संरक्षण आहे. प्रसूती रुग्णालयात होणे, बाळाला जन्मतः गुदमरू न देणे, लसीकरण पूर्ण करणे, दुचाकीवर हेल्मेट घालणे आणि उतारवयात रक्तदाब काबूत ठेवून पक्षाघात टाळणे, हेही अपस्मार टाळण्याचेच उपाय होत.

या सर्वांहून अवघड प्रश्न विवाहाचा आहे आणि तेथेच मध्यमवर्गीय कुटुंबांची खरी कसोटी लागते. मुलीला अपस्मार आहे हे सांगितले तर लग्न जमत नाही आणि न सांगता लग्न केले तर तिचा संसार भीतीच्या छायेत सुरू होतो. गोळ्या लपवून नेल्या जातात, सासरी घेता येत नाहीत, लग्नघरातील जागरणांची भर पडते आणि नेमक्या त्याच आठवड्यात झटका येतो. मग 'फसवले' असा आरोप होतो, आणि तो पूर्णतः अनाठायी नसतो. अपस्मार हे आता विवाह रद्द होण्याचे कारण नाही. परंतु महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून संमती मिळवणे हा कायद्याच्या दृष्टीने फसवणुकीचा मुद्दा ठरू शकतो. म्हणून सत्य आधी सांगणे हाच नीतीचा आणि शहाणपणाचाही मार्ग आहे. पण सत्य सांगण्याची अपेक्षा वधूपक्षाकडून करायची, तर ते ऐकण्याची पात्रता वरपक्षानेही दाखवली पाहिजे. सत्य सांगणाऱ्याला दार बंद करणारा समाज असत्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार गमावून बसतो. अपस्मार असलेल्या बहुसंख्य स्त्रियांना निरोगी अपत्ये होतात. गर्भधारणेचा विचार सुरू होताच डॉक्टरांना भेटावे, व्हॅल्प्रोएटसारखे गर्भाला अपायकारक ठरू शकणारे औषध त्यांच्या सल्ल्याने बदलून घ्यावे आणि फॉलिक ॲसिड सुरू करावे. स्वतःच्या मनाने मात्र कोणतीही गोळी थांबवू नये. बहुतेक औषधे चालू असताना बाळाला अंगावर पाजताही येते. पुण्यातील संवेदना फाउंडेशनसारख्या संस्था रुग्णांना एकत्र आणून आधार देतात आणि त्यांच्या विवाहासाठीही प्रयत्न करतात. असे गट प्रत्येक जिल्ह्यात उभे राहिले पाहिजेत.

शाळा आणि नोकरी यांबाबतही हाच न्याय लागू होतो. औषधाने झटके आटोक्यात असलेले मूल इतरांसारखेच शिकू शकते, खेळू शकते. पोहताना कोणी जाणता माणूस सोबत असावा, एवढीच दक्षता पुरे. क्षेत्ररक्षणाचा मानदंड निर्माण करणारा दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेटपटू जाँटी ऱ्होड्स याला अपस्मार आहे. रशियाचा महान कादंबरीकार दस्तयेवस्की हाही या आजाराचा रुग्ण होता. अर्थात काही मर्यादा पाळाव्याच लागतात. वाहन परवान्यासाठी भरून द्यायच्या घोषणापत्रात अपस्माराविषयी थेट प्रश्न असतो आणि त्याचे खरे उत्तर देणे हे रस्त्यावरील इतरांच्या जिवासाठी आवश्यक आहे. उंचावरचे, आगीजवळचे, धोकादायक यंत्रांवरचे काम टाळावे लागते. पण या मोजक्या मर्यादांचा बाऊ करून कर्तबगार तरुणाला दारातूनच परत पाठवणारा मालक स्वतःचेच नुकसान करून घेत असतो.

शासनाकडून अपेक्षा स्पष्ट आहेत. मेंदूविकारतज्ज्ञ मूठभर आणि तेही मोठ्या शहरांत एकवटलेले, ही स्थिती नजीकच्या काळात बदलणारी नाही. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनाच साध्या अपस्माराचे निदान आणि उपचार यांचे प्रशिक्षण दिले पाहिजे, गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी दूरध्वनी-चित्रवाणीद्वारे तज्ज्ञांचा सल्ला उपलब्ध केला पाहिजे आणि मूलभूत औषधांचा साठा वर्षातील एकही दिवस संपणार नाही, याची हमी दिली पाहिजे. औषधाचा पंधरवड्याचा खंडही या रोगात घातक ठरतो. मुंबईच्या एपिलेप्सी फाउंडेशनने शासकीय आरोग्य यंत्रणेच्या साहाय्याने जिल्ह्याजिल्ह्यांत शिबिरे घेऊन हा मार्ग व्यवहार्य असल्याचे दाखवले आहे. २०२२ साली जागतिक आरोग्य परिषदेने अपस्मार आणि इतर मज्जाविकारांसाठी २०३१ पर्यंतचा कृती आराखडा संमत केला. त्याची पावले गावच्या उपकेंद्रापर्यंत पोहोचली, तरच त्याला अर्थ आहे.

परंतु सारे शासनावर सोपवून समाजाला मोकळे होता येणार नाही. वस्तीवर नित्य जाणारा कार्यकर्ता, संस्कारवर्ग चालवणारी ताई, आशा सेविका आणि शाळेतील शिक्षक यांना झटका ओळखणे आणि प्रथमोपचार करणे एका तासात शिकवता येते. कोणत्या घरात कोणाला 'बाहेरचे' असल्याची कुजबुज आहे, हे त्यांना डॉक्टरांच्या आधी कळते. त्या घरी जाऊन रुग्णाला आरोग्य केंद्रापर्यंत सोबत करणे, गोळ्या वेळेवर घेतल्या जातात की नाही याची महिन्यातून एकदा आपुलकीने चौकशी करणे आणि आई-वडिलांच्या मनातील अपराधीपणा दूर करणे, यासाठी पैसा लागत नाही, सातत्य लागते. १७ नोव्हेंबर हा दिवस देशात राष्ट्रीय अपस्मार दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी सभागृहात भाषणे करण्यापेक्षा प्रत्येक शाळेत, मंडळात आणि सोसायटीत प्रथमोपचाराचे एक प्रात्यक्षिक झाले, तर तो दिवस सार्थकी लागेल.

नटराजाच्या मूर्तीत शिवाच्या पायाखाली एक खुजी आकृती असते. तिचे नाव अपस्मार. ती अज्ञानाचे, विस्मृतीचे प्रतीक मानली जाते. शिल्पकाराने पायाखाली ठेवले ते अज्ञानाला, रुग्णाला नव्हे. समाजाने मात्र आजवर अनेकदा उलटे केले. अज्ञानाला डोक्यावर घेतले आणि रुग्णाला पायाखाली तुडवले. हा क्रम बदलणे प्रत्येक घराच्या हाती आहे. त्याची सुरुवात आजाराचे नाव न लपवता, सरळ आवाजात उच्चारण्यापासून होईल.